एक्केचाळीस दिवसांचा वारा

निरीक्षिकेने लाकडी पट्टी पानावर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत नेली. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. वेग, दिशा, शेरा. तिला जागा व्हावी म्हणून घड्याळजीने टेबलावरची उघडी घड्याळं खिडकीत नेऊन ठेवली होती. दहा वर्षांच्या दहा वह्या होत्या. ती साडेनऊला बसली होती, आता बारा वाजत आले होते आणि रिकामा रकाना एकही सापडला नव्हता. घड्याळजी समोरच्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. आपल्या वहीत खोट निघणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी पट्टी जरा थांबली की त्याचा श्वासही थांबे.

चौथ्या वहीत थांबलेली पट्टी लवकर हललीच नाही.

“काका, हे अक्षर तुमचं नाही.”

“नाही. ताईचं आहे. माझ्या मोठ्या बहिणीचं.”

“किती दिवस आहे?”

“एक्केचाळीस.” त्याला पान बघावं लागलं नाही. “बायको आजारी होती तेव्हा. ताई नर्स आहे. रजा टाकून आली होती. तिला सांभाळलं, मला सांभाळलं आणि वर वाऱ्याच्या नोंदीही घेतल्या.”

“त्या प्रशिक्षित नोंदकार आहेत का पण?”

“माझ्याबरोबरच शिकली. वरच्या गावाचं वाऱ्याच्या नोंदीचं केंद्र तिच्याकडे आहे.”

निरीक्षिकेने मान हलवली आणि पट्टी पुढे सरकवली.

राजधानीतल्या ऊर्जा खात्याने प्रत्येक टापूत एक पवनचक्की अनुदानातून उभी करायचं ठरवलं होतं. विचार चांगला होता. सरकारचे विचार बहुतेक चांगलेच असतात, घोडं अडतं ते अर्जाच्या नमुन्यापाशी. गावं वाऱ्याचे आकडे फुगवून सांगतील अशी भीती तिथल्या कुणाला तरी वाटली आणि त्याने नियम घातला की ज्या गावच्या सरकारी केंद्रावर दहा वर्षांची अखंड नोंद असेल, त्याच गावाला चक्की. शंभरातले साठ गुण अखंड नोंदीला, पस्तीस कागदपत्रांना आणि उरलेले पाच प्रत्यक्ष वाऱ्याला. या टापूत केंद्रं दोनच होती. खालचं गाव डोंगराच्या आडोशाला, तिथे धुतलेली चादर दोन दिवस वाळत नसे. वरचं गाव खिंडीच्या तोंडाशी, तिथे दोन माणसं बोलायला लागली की आधी वाऱ्याकडे पाठ करून उभी राहत. खालच्या वहीत एकही खाडा नव्हता. वरच्या वहीत एक्केचाळीस दिवस कोरे होते, कारण त्या दिवसांत वरची नोंदकार खाली येऊन राहिली होती.

दुकानाच्या दारात गावप्रमुख डोकावला. सकाळपासूनची ही त्याची तिसरी खेप.

“काय मॅडम, आहे ना सगळं जागच्या जागी? आमच्या घड्याळजीचं काम म्हणजे दगडावरची रेघ.”

“आहे,” निरीक्षिका म्हणाली.

“चौकात जागासुद्धा आखून ठेवलीय. बाजूला बाकं टाकू, दिवे लावू.”

“चौकात वारा लागेल का हो?”

“नाही फिरली तरी दिसेल तर खरी,” प्रमुख म्हणाला आणि स्वतःच हसला. मग घड्याळजीच्या खांद्यावर थाप मारून निघून गेला. तीस वर्षं ज्या माणसाला गावाने ‘वारा मोजणारा रिकामटेकडा’ म्हणून हिणवलं, त्याच्या खांद्यावर गेल्या महिन्याभरात एवढ्या थापा पडल्या होत्या की घड्याळजीला आता त्यांची थोडी सवय व्हायला लागली होती. आवडायलाही लागल्या होत्या, हे तो कुणाजवळ बोलला नसता.

दहावी वही मिटून निरीक्षिकेने पिशवीतून एक छापील कागद काढला.

“एवढंच राहिलं. त्या एक्केचाळीस दिवसांसाठी तुमच्या ताईंचं निवेदन लागेल. ‘प्रत्येक वाचन मी स्वतः, जागेवर आणि वेळेवर घेतलं.’ खाली सही. मला तशीही त्यांची वही बघायला वर जायचंय.”

घड्याळजीने कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. ताईने सही केली की चक्की खालच्या गावाची. म्हणजे वरच्या गावाची चक्की ताईनेच खाली द्यायची.

“आणि तिने नाही केली सही तर?”

“तर तुमचीही नोंद खंडित धरायची. मग कलम अकरा. कुठल्याच केंद्राची नोंद अखंड नसेल तर दोन्ही गावांत मोजणीचे खांब उभे करायचे, वर्षभर मोजायचं आणि जिथे वारा तिथे चक्की.”

“मग पहिल्यापासून तसंच का नाही करत?”

निरीक्षिकेने वह्या एकावर एक रचल्या. “ते कलम अजून कुणाला लागलंच नाही, काका. जाऊ तिथे कुणाची ना कुणाची वही पुरी निघते.”

सरकारी गाडीत ती पुढे बसली आणि घड्याळजी मागे, वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून. वळणावळणाच्या रस्त्याने गाडी चढत होती. निरीक्षिका तशी बोलकी होती, पण कार्यालयाबद्दल बोलताना खिडकीबाहेर बघायची.

“तीन जिल्हे फिरले मी या योजनेसाठी. दोन चक्क्या अशा उभ्या राहिल्यात की पक्ष्यांनी त्यात घरटी केलीत.”

“वर कळवत नाही तुम्ही?”

“कळवते ना. ‘कामकाज समाधानकारक’ असा रकाना आहे, त्यात हो किंवा नाही लिहायचं. चक्की उभी आहे का? आहे. मग हो.”

उंटावरून शेळ्या हाकणारे वेगळे आणि त्या शेळ्यांमागे उन्हातान्हात धावणारी ही वेगळी, असं घड्याळजीला वाटलं. त्याला तिचा राग येईना. आला असता तर बरं झालं असतं.

खिंडीपाशी गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरने आधीच सांगितलं, “दार धरून उघडा. मागच्या खेपेला बिजागरी गेली होती.” घड्याळजीने दोन्ही हातांनी दार धरलं आणि वह्या छातीशी घेऊन उतरला. आरोग्य केंद्राच्या गच्चीवरच्या खांबाला वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या इतक्या जोरात फिरत होत्या की वेगळ्या वेगळ्या दिसत नव्हत्या.

ताई आतल्या खोलीत लशींच्या फ्रीजसमोर उभी होती. ती सत्तरीला आली होती, पण तिच्या निवृत्तीनंतर नवी नर्स कुणी नेमली नव्हती, म्हणून मानधनावर तीच चालू होती. फ्रीज बंद होता. लशी बर्फाच्या पेटीत हलवलेल्या होत्या आणि ती पेटीतला तापमापक बघून भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहीत होती.

“पुन्हा गेली का लाईट?” घड्याळजीने विचारलं.

“काल दुपारपासून. वाऱ्याने तार तुटली.” तिने पेनाला टोपण लावलं. “या मॅडम, बसा. वाऱ्याने तार तुटते आणि तार तुटली की लस वाया जाते. मागच्या महिन्यात दोन पेट्या फेकल्या. बाया पोरांना घेऊन चार तास चालत येतात आणि मी त्यांना पुढच्या मंगळवारी या म्हणते.”

इथे चक्की झाली तर तिची पहिली तार या फ्रीजला जोडायची, असा ठराव वरच्या गावाने केव्हाच करून ठेवला होता. भाऊ-बहिणीत त्या ठरावाविषयी कधी बोलणं झालं नव्हतं. दर रविवारी ते फोनवर बोलत, पण महिनाभर दोघंही पाण्याचं, गुडघ्यांचं आणि भाच्याच्या नोकरीचं बोलत आले होते.

निरीक्षिकेने ताईची वही उघडली. एक्केचाळीस दिवसांची पानं स्वच्छ कोरी होती. ताईने त्यांवर साधी तिरकी रेघसुद्धा मारली नव्हती.

“बाकी सगळं भरलेलं आहे,” निरीक्षिका हळूच म्हणाली.

“हो.”

“म्हणजे नोंद खरी तर जवळजवळ अखंडच आहे.” ती थोडी थांबली. “मला कार्यालयात एक फोन करायचाय. बाहेर भिंतीच्या आडोशाला जाऊन करते, पंधरा-वीस मिनिटं लागतील. तुमची वही मी अजून तपासलेली नाही, असं समजा.”

तिने आपलं पेन वहीवर ठेवलं आणि ती बाहेर गेली.

ताईने पेन उचलून भावाच्या हातात दिलं. “विसरल्या वाटतं. जाताना दे त्यांना.”

“ताई, त्या विसरल्या नाहीत.”

“कळलं मला. केस पांढरे झाले, पण डोकं शाबूत आहे.” ती खुर्चीवर बसली. “अरे, चाळीस वर्षं मी तक्ते लिहिले. जो ताप आपण बघितला नाही तो लिहायचा नाही. कोरा रकाना बघून डॉक्टर शिव्या देईल, पण खोट्या आकड्यावर तो औषध देईल. मी तुझ्या घरी होते, मग इथे वारा किती होता ते मला काय ठाऊक?”

घड्याळजीने खिशातून छापील निवेदन काढलं आणि घडी उलगडून तिच्यासमोर ठेवलं. नजर मात्र त्याने फ्रीजच्या दाराकडे ठेवली.

“याच्यावर तुझी सही लागते. तू केलीस तर चक्की खाली जाते. नको करूस.”

“का नको करू? वाचनं घेतलीच आहेत मी.”

“तरी नको करूस.”

“वही आण.”

त्याने चौथी वही काढून दिली. ताईने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तिला आकडे वाचायला वेळ लागत नव्हता, आकड्यांमागचे दिवस आठवायला लागत होता. या दिवशी भावजयीने दोन घास पेज घेतली होती. या दिवशी उशी उंच कर म्हणाली. इथे रात्रभर खोकत होती, म्हणून सकाळचा आठचा आकडा जरा वाकडा पडला होता, पण आठलाच घेतला होता. तेहतिसाव्या दिवसावर तिचं बोट आलं आणि तिथेच राहिलं.

“ही सोडून,” ती म्हणाली.

“कुठली?”

“तुला माहीत आहे कुठली. ती गेली त्या संध्याकाळची.” ताईने चष्मा काढला. “तीन वाजता ती गेली. मग तिला पुसायचं, कपडे बदलायचे, माणसं यायला लागली. पाच वाजलेले मला कळलेच नाहीत. सगळं आवरल्यावर वही दिसली. सकाळी दहा होता, आदल्या दिवशी बारा होता, म्हणून मी अकरा लिहिला.”

बाहेर निरीक्षिकेचा आवाज वाऱ्यात तुटक तुटक येत होता.

“माझ्या वहीत एक्केचाळीस दिवस कोरे ठेवताना मला काही वाटलं नाही. तुझ्या वहीत एक रकाना कोरा ठेवायचा धीर होईना. म्हटलं, बायको गेली याची, निदान वही तरी राहू दे. सहा वर्षं दर रविवारी सांगेन म्हणते आणि फोन ठेवते.”

“अकरा नव्हता,” घड्याळजी म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“शून्य होता. मी घरामागे, खांबाखालच्या पायरीवर बसलो होतो. पाच वाजले आणि माझी मान आपोआप वर गेली. काटा शून्यावर होता, वाट्या अजिबात हलत नव्हत्या.” त्याने हातातलं पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. “दोनच तास झाले होते तिला जाऊन. ती आत पडलेली आणि मी काटा बघतोय. इतकी लाज वाटली, ताई. मग रात्री वहीत तुझा अकरा बघितला आणि बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हणजे मी बघितलं नाही असंच झालं.”

ताईला भावाची कीव आली आणि थोडा रागही आला, कारण या एका अकराने सहा वर्षं तिला छळलं होतं.

“सवय आहे ती तुझी,” ती म्हणाली. “श्वास घेतोस तसा घेतलास आकडा. त्यात लाज कसली? तिला कळलं असतं तर हसली असती.”

“हसली असती,” तो म्हणाला.

“मग आता तेच सांग. अकरा खोडून शून्य लिही आणि सही कर. तूही नोंदकारच आहेस, जागेवर होतास, वेळेवर बघितलंस. वही पुरी होते तुझी.”

“आणि फ्रीजचं काय?”

“फ्रीजचं मी बघीन. आजवर बघितलंच की.” ती उठली आणि उगाच बर्फाच्या पेटीचं झाकण दाबून आली. “खरं ते लिही. तुझ्याकडून दुसरं काही व्हायचंही नाही.”

निरीक्षिका आत आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते. तिने आधी ताईची वही बघितली. पानं कोरीच होती. तिच्या चेहऱ्यावर निराशा दिसली, ती तिने लपवली नाही.

“मॅडम,” ताई म्हणाली, “भावाच्या वहीतली एक नोंद मी अंदाजाने लिहिली आहे. त्या दिवशी दुपारी माझी भावजय गेली. संध्याकाळचं वाचन मी घेतलं नाही. बाकी सगळी घेतली आहेत, त्यांची सही देते.”

हात दाखवून अवलक्षण करून घेणारी माणसं निरीक्षिकेने या नोकरीत फारशी पाहिली नव्हती. ती खुर्चीत टेकली. “एकच नोंद?”

“एकच.”

“एका नोंदीनेही वही खंडितच होते.” ती विचारात पडली. मग तिला वाट सुचली, आणि या बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसाची तीस वर्षांची मेहनत वाचवता येईल या कल्पनेने ती मनापासून खुलली. “काका, त्या दिवशी पाच वाजता तुम्ही कुठे होता?”

“घरीच.”

“घरात?”

“मागे. खांबाखाली.”

“मग प्रश्नच मिटला. नेमलेला नोंदकार जागेवर होता. तुम्ही काटा बघितला असेल तर आत्ता दुरुस्ती करून सही करा, तशी तरतूद आहे. शून्य असला तरी चालतो, रकाना कोरा नसला म्हणजे झालं. किती होता?”

ताई टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने भावाकडे पाहिलं नाही, पण तो शून्य म्हणण्याची ती वाट पाहत होती. घड्याळजीला चौकातली आखलेली जागा आठवली, प्रमुखाचा चेहरा आठवला. उद्यापासून त्याच्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला आणतानासुद्धा लोक तोंड फिरवणार होते. त्याने आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती की चुकीचा आकडा.

“नाही बघितला,” तो म्हणाला.

“जरा आठवून बघा. तुम्ही खांबाखालीच होता. सहज नजर गेली असेल.”

“बायको गेली होती, मॅडम. अशा वेळी काट्याकडे कोण बघतं?”

निरीक्षिकेने मान खाली घातली. “माफ करा,” ती म्हणाली. “मी असं विचारायला नको होतं.”

तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यावर कलम अकरा छापलेलं होतं आणि कोपऱ्यातून तो पिवळा पडला होता, कारण तो आजवर कधी लागलाच नव्हता. तारीख आणि केंद्राचं नाव भरून तिने खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं की सदर दिवशी सायंकाळी पाच वाजता कोणाही नोंदकाराने काटा पाहिला नाही. मोजणीचे खांब यायला चार-सहा महिने आणि मोजायला वर्ष, म्हणजे दीडेक वर्ष सहज जाईल, असंही ती म्हणाली. सरकारी काम आणि सहा महिने थांब. घड्याळजीने आपल्या नावापुढे सही केली.

“ताई, साक्षीदार म्हणून तुमची लागेल,” निरीक्षिकेने कागद वळवला. “नीट वाचून घ्या.”

ताईने चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. ‘काटा पाहिला नाही’ इथे आल्यावर ती पुन्हा मागे गेली आणि ती ओळ परत वाचली. घड्याळजी खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता, त्याची पाठ तिच्याकडे होती. चाळीस वर्षांत न बघितलेला ताप तिने तक्त्यात कधी लिहिला नव्हता. तिने पेन मागून घेतलं, सही केली आणि खाली तारीख घातली.